पहिली भवानी

आठवडी बाजारात दुकान मांडून बसलेला मनुष्य, मग तो भाजी विकणारा असो की कापड विकणारा, दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला सहसा विन्मुख पाठवीत नाही; भवानी झाल्याशिवाय धंद्याला तोंड फुटत नाही या जुन्या समजुतीस मान देऊन तो दोन पैसे सोडतो, हाती आलेली रक्कम कपाळाला लावतो आणि मगच आपल्या मनासारख्या भावाची भाषा बोलू लागतो. ज्याचा जिन्नस रोजच्या गरजेचा आहे आणि ज्याचा भाव सर्वांस ठाऊक आहे, त्याला हा रिवाज परवडतो, कारण सकाळी सोसलेली तूट दिवे लागण्यापूर्वी भरून येते. परंतु स्वतः ठसे उमटवून कापड छापणारी एखादी स्त्री किंवा एखादा तरुण आपला माल घेऊन वाशिमच्या, कारंज्याच्या किंवा रिसोडच्या बाजारात प्रथमच उतरतो, तेव्हा त्या मालाला पूर्वीचा भाव मुळी नसतोच. त्या दिवशी तोंडातून जो आकडा निघेल तोच पुढच्या सर्व व्यवहाराची नजीर ठरतो, आणि संकोचाने, घाईने किंवा भवानीच्या भाविकतेने कमी सांगितलेला तो पहिला आकडा पुढे वर्षानुवर्षे मानगुटीवर बसतो.

म्हणून पहिली विक्री ही बाजाराच्या दिवशी सुरू होत नाही, ती त्याच्या कितीतरी आधी घरात सुरू झालेली असते, हे ध्यानात आणून देणे हा प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे. गिऱ्हाइकापुढे बसण्यापूर्वी छापणाऱ्याजवळ दोन गोष्टी निश्चित असाव्या लागतात: आपला रंग टिकणारा आहे याची स्वतः पाहिलेली खात्री, आणि आपल्या एका नगास काय खर्च आला याचा लेखी हिशेब. मांडणी, बोलणे, जाहिरात, फोटो, या साऱ्या गोष्टी बाजारात उभे राहून हळूहळू शिकता येतात. परंतु या दोहोंवाचून जो विकावयास बसतो, त्याची पत उभी राहण्यापूर्वीच खचते असे माझे ठाम मत आहे.

वाशिमच्या भूमीला नक्षीदार वस्त्राची ओळख नवी नाही. आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले, आणि त्या लेण्यांच्या भिंतींवरील राजपुरुषांच्या, दासींच्या व प्रवाशांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची, ठिपक्यांची आणि पक्ष्यांच्या ओळींची जी वस्त्रे दिसतात, ती पाहिली म्हणजे कोऱ्या कापडावर काहीतरी उमटलेले असावे ही हौस येथे किती जुनी आहे ते कळते. पुढच्या काळातही कापूस पिकविणाऱ्या या मुलखात कापड रंगविणारे आणि छापणारे लोक वस्ती करून होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात छिपा, रंगारी, भावसार, निराळी आणि निळगर या साऱ्यांचा परामर्श सुती कापड छापणारे व रंगविणारे म्हणून एकाच प्रकरणात घेतलेला आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते; महाराष्ट्रातील शिंपी समाज नामदेवांना जसा आपला मानतो, तसाच राजस्थानातील व पंजाबातील कापड छापणारा छिपा समाजही त्यांना आपला मानतो, आणि सुईच्या व ठशाच्या या दोन व्यवसायांचे नाते अशा रीतीने एका नावाभोवती टिकून राहिले आहे.

असे असूनही सांगानेर, बगरू किंवा मच्छलीपट्टण यांच्यासारखे छपाईचे मोठे पीठ या भागात का झाले नाही, याचे एक कारण मला पाण्यात दिसते. वाशिम जिल्हा तापी आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजकावर वसलेला आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेस पूर्णेकडे जाते, तर अडाण आणि अरुणावती दक्षिण-पूर्वेस वाहून पैनगंगेला मिळतात. जेथे नद्या नुकत्याच जन्मास येतात तेथे बारमाही वाहत्या पाण्याचा पाट कोठून असणार? आणि जुन्या पद्धतीच्या छपाईला तर विहिरीच्या किंवा टाक्याच्या साठलेल्या पाण्यापेक्षा वाहतेच पाणी हवे असते. कापडावर तुरटीचा ठसा उमटविल्यानंतर जास्तीची तुरटी धुऊन काढावी लागते. पाणी वाहते असेल तर ती निघून जाते, पण पाणी स्थिर असेल तर सुटलेली तुरटी मोकळ्या जागेवर बसते आणि पुढे तांबड्या रंगाच्या उकळीत साऱ्या कापडावर डाग उमटतात. आज वाशिममध्ये हे काम करणाऱ्याला हा अडथळा नवीन रंगांच्या साह्याने ओलांडता येतो, तथापि पाण्याचा हिशेब त्याला सुटलेला नाही, हे पुढे दिसेलच.

तुरटीचा विषय निघालाच आहे तर भारतीय छपाईचे मर्म येथेच सांगितलेले बरे, कारण त्यावाचून पहिल्या विक्रीतील पत या शब्दाचा अर्थ नीट उमगणार नाही. सामान्य समजूत अशी की ठशाला रंग लावावयाचा आणि तो कापडावर उमटवावयाचा. जुन्या छिपांच्या कामात ठशाने जे उमटे ते बहुधा रंग नसून रंगाला धरून ठेवणारे द्रव्य असे. कापड आधी धुऊन, त्यातील खळ काढून, हिरड्याच्या पाण्यात बुडवीत. त्याने ते पिवळसर होई व धाग्यात तुरट अंश शिरे. मग चिंचोक्याच्या पिठीने किंवा बाभळीच्या डिंकाने घट्ट केलेले तुरटीचे पाणी ठशाने उमटवीत. ते दिसत नाही म्हणून त्यात थोडी गेरू मिसळीत. गंजलेले लोखंड आणि गूळ एकत्र आंबवून केलेले काळे पाणी दुसऱ्या ठशाने उमटवीत. हिरड्याशी गाठ पडताच ते काळे पडे. काही दिवस कापड तसेच मुरू देऊन, धुऊन, शेवटी आलीच्या किंवा मंजिष्ठेच्या मुळ्यांबरोबर उकळीत. जेथे तुरटी असे तेथे तांबडा रंग कायमचा बसे, जेथे नसे तेथे तो धुण्यात व उन्हात निघून जाई. हा तांबडा आणि हा काळा धाग्याच्या वर बसलेला नसतो, तो धाग्याशी एकजीव झालेला असतो.

या एका गुणाने भारतीय छिटाला, म्हणजे छापील सुती कापडाला, जगाची बाजारपेठ मिळवून दिली. कैरोजवळील फुस्तात येथे सापडलेले गुजरातेतील छापील सुती कापडाचे मध्ययुगीन तुकडे आजही आपले रंग राखून आहेत. सतराव्या शतकात हे कापड युरोपात पोचले तेव्हा तेथील स्त्रियांना त्याच्या वेलबुट्टीचे जितके कौतुक वाटले तितकेच, किंबहुना अधिक, ते धुऊनही विटत नाही याचे वाटले. आणि तेथील लोकर व रेशीम विणणारे इतके हवालदिल झाले की फ्रान्सने १६८६ साली त्यावर बंदी घातली, इंग्लंडने १७०० साली आयातीचा आणि १७२१ साली ते अंगावर घालण्याचाही निषेध करणारे कायदे केले. ज्या मालाला कायद्याने थांबवावे लागते त्याची पत किती असेल याची कल्पना यावरून करता येईल.

ती पत बुडाली तीही रंगाच्याच वाटेने. १८६८ साली जर्मनीत ग्रेब आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य डांबरापासून तयार करून दाखविले. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. रुळांनी कापड छापणारे यंत्र तर अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच इंग्लंडात चालू होते. आल लावून तिची मुळे खणण्यासाठी तीनतीन वर्षे वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे पीक परवडेना, आणि रंगाऱ्यानेही स्वस्त पुडी पाण्यात कालवून काम भागविण्यास आरंभ केला. पुडी वाईट होती असे नव्हे. पण ती पक्की बसविण्याची क्रिया पूर्ण न करता जो माल बाजारात गेला, त्याने हातछपाईचे कापड म्हणजे रंग जाणारे कापड असा समज गिऱ्हाइकाच्या मनात रुजविला. आज आपण कारंज्यात चादर उलगडून दाखविली की समोरची बाई कापडाचा कोपरा बोटांत चोळीत प्रथम जे विचारते, ‘याचा रंग तं नाही जात ना जी?’, तो प्रश्न तिचा एकटीचा नाही. त्यामागे शंभर वर्षांचा अनुभव उभा आहे, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी प्रथमच विकावयास बसलेल्या मनुष्यावरही तितकीच आहे.

हे उत्तर तोंडाने देण्यासारखे नाही, ते घरी काढावे लागते. नव्याने शिकलेले बहुतेक लोक आज तयार रंगद्रव्य आणि ते चिकटविणारा द्रव एकत्र करून छापतात. हा रंग धाग्याच्या पृष्ठभागावर राहतो आणि उष्णतेने पक्का होतो. सुमारे १५० अंश सेल्सियस उष्णता काही मिनिटे मिळाल्यावाचून त्याची पकड बसत नाही. आमच्याकडचे वैशाखातले ऊन पाठीला कितीही भाजत असले तरी या कामाला ते पुरे पडत नाही. कापड पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने कडक इस्त्री प्रत्येक भागावर थांबून थांबून फिरवावी लागते, आणि ही कंटाळवाणी क्रिया जो घाईने उरकतो त्याचे नाव पहिल्याच धुण्यात जाते. नंतर छापलेल्या तुकड्याला पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा शिवून दोन्ही एकत्र साबणाने धुवावेत. कोरड्या व ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग चोळून पाहावा. एका तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो गच्चीवर उन्हात ठेवावा. प्रयोगशाळाही हेच करतात. धुण्याला व घासण्याला १ ते ५ आणि प्रकाशाला १ ते ८ अशी श्रेणी त्या लावतात, एवढाच फरक. मात्र परीक्षा गिऱ्हाइकाच्या घरी जे पाणी आहे त्याच पाण्याने व्हावी. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून येथील गृहिणी कपडा अधिक घासते आणि अधिक पावडर टाकते; नळाच्या मऊ पाण्यात टिकलेला रंग तेथेही टिकेल असे गृहीत धरता येत नाही. रंग विकत घेताना तो कोणत्या जातीचा आहे हे विचारून घ्यावे, कारण आरोग्याला अपायकारक ठरलेल्या काही अझो रंगांवर भारत सरकारने १९९० नंतरच्या दशकात बंदी घातलेली आहे, आणि सुट्या पुडीवर नाव नसते.

याच ठिकाणी दोष आणि हाताची खूण यांतील भेद स्वतःशी ठरवून घ्यावा. ठसा सागाचा किंवा शिसवीचा असतो, कोरून झाल्यावर तो कित्येक दिवस तेलात मुरवितात, आत अडकणारी हवा निघावी म्हणून त्याला बारीक भोके पाडतात. इतके करूनही दोन ठशांच्या सांध्यावर केसभर अंतर राहते, एखादा ठसा किंचित गडद तर एखादा फिका उमटतो. ही हाताची खूण आहे, आणि ती लपविण्याचे कारण नाही. परंतु रंगाचा ओघळ, बोटाचा डाग, ओळ सोडून तिरपी गेलेली किनार, किंवा रेघेच्या बाहेर स्पष्ट निसटलेली भरणी, ही खूण नव्हे. हा दोष होय. ‘हातकाम म्हटले की असे व्हायचेच’ या सबबीखाली सदोष नग पूर्ण भावाने विकणे हे फसवणुकीच्या फार जवळ जाते. असे नग वेगळे काढावेत, त्यांच्या पिशव्या किंवा रुमाल करावेत आणि ते तसेच सांगून विकावेत.

आता भावाचा विचार. हातकामाच्या किमतीचा नैतिक पाया कोणता असावा, याची मोठी चर्चा आमच्या विदर्भातच होऊन गेली आहे. १९३५ साली अखिल भारत चरखा संघापुढे गांधीजींनी असा आग्रह धरला की कातणाऱ्या स्त्रीला आठ तासांच्या कामाबद्दल आठ आणे मिळावेत हे ध्येय असले पाहिजे. खादी महाग होईल आणि खपणार नाही ही कार्यकर्त्यांची भीती रास्त होती, तरीही निर्वाहापुरत्या वेतनाचे तत्त्व संघाने मान्य केले आणि मजुरीचे दर वाढविण्यास आरंभ केला. वर्ध्याचे मगन संग्रहालय, ज्याचे उद्घाटन १९३८ साली गांधीजींच्या हस्ते झाले, आजही वनस्पतिजन्य रंगांतील खादी करून विकते. गिऱ्हाईक काय देईल एवढ्यावरच किंमत न ठरविता करणाऱ्याचे पोट कशाने भरेल येथून ती मोजावयास आरंभ करणे, ही त्या चर्चेची देणगी आहे, आणि स्वतःच्याच हाताने छापून स्वतःच विकणाऱ्याने तर ती प्रथम स्वतःला लागू केली पाहिजे. कारण आपल्या श्रमाची किंमत शून्य धरण्याची सवय घरात काम करणाऱ्या स्त्रीला जितकी जडलेली असते तितकी कोणालाच नसते.

उदाहरणादाखल अडीच मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी सुती ओढणी घेऊ. ठसा दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा असेल तर रुंदीत १० आणि लांबीत २५, मिळून २५० वेळा तो उमटवावा लागतो. रेघ, भरणी आणि जमीन असे तीन ठसे असतील तर संख्या ७५० वर जाते. ठसा रंगावर टेकणे, उचलणे, जागा जुळविणे आणि वरून मूठ मारणे यांस १० सेकंद धरले तर ७,५०० सेकंद, म्हणजे दोन तास पाच मिनिटे, निव्वळ छापण्यात जातात. दहा ओढण्या एकत्र केल्यास धुणे, वाळविणे, पसरणे, इस्त्रीने रंग पक्का करणे आणि घडी घालणे यांत प्रत्येक ओढणीच्या वाट्याला आणखी एक तास पंचवीस मिनिटे येतात असे समजू. साडेतीन तास झाले. आठ तासांच्या दिवसाला ६०० रुपये मजुरी धरली तर तासाला ७५, आणि ओढणीला २६२ रुपये ५० पैसे. कापड मीटरला १०० रुपयांप्रमाणे २५०. रंग, पाणी, वीज मिळून ४०. तीन ठशांचा ३,००० रुपयांचा संच ३०० ओढण्या चालेल असे धरून झीज १०. बेरीज ५६२ रुपये ५० पैसे. येथेच पुष्कळ लोक थांबतात आणि बुडतात. दर दहा नगांत एक बिघडतो, आणि त्याचा खर्च उरलेल्या नवांनी उचलावयाचा असतो. म्हणून खरा खर्च ६२५ रुपये. बाजारापर्यंत पोचणे, जागेचे भाडे आणि पिशव्या यांसाठी २० नगांवर १,००० रुपये लागले तर नगामागे ५०; झाले ६७५.

हे आकडे केवळ अजमासाचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घड्याळ लावून आणि पावत्या जपून काढावेत. परंतु यातून एक गोष्ट निघते ती सर्वांनाच लागू आहे. समजा, ही ओढणी ७०० रुपयांस विकण्याचे आपण ठरविले, आणि जत्रेत ती पसंत पडून नागपूरच्या एका दुकानदाराने वीस नग मागितले. तो आपला तिसरा हिस्सा तर ठेवणारच. म्हणजे आपल्या हाती सुमारे ४६७ रुपये येतात, कापड, रंग, ठशांची झीज आणि बिघडलेला नग यांचा खर्च वजा जाता निम्मीअधिक मजुरी बुडते. उलट दुकानात हजाराच्या वर भाव लावला तर जत्रेत ७०० ला घेतलेली बाई दुकानातली पाटी वाचून आपल्याला कायमची लबाड ठरविते. म्हणून पहिल्या दिवसापासूनच १,०५० हा भाव बोलला पाहिजे. दुकानदाराचे ३५० वजा जाता ७०० उरतात आणि हिशेब जुळतो, आणि जत्रेत स्वतः विकल्यास ते ३५० रुपये दोन दिवस उन्हात उभे राहण्याची, समजावून सांगण्याची आणि न खपलेला माल परत वाहून नेण्याची आपली मजुरी ठरते. हा आकडा प्रथम उच्चारताना जीभ अडखळते. ती अडखळू नये म्हणूनच वही जवळ ठेवावयाची असते.

माल कोठे न्यावा, याविषयी कारंज्याची एक दंतकथा येथे सांगितली पाहिजे. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी गावोगाव हिंडला, एवढा माल एकरकमी घेणारा त्याला कोठे भेटेना. शेवटी कारंज्याच्या एका सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि आपल्या हवेलीच्या बांधकामाच्या मातीत मिसळून टाकली. कस्तुरीची हवेली म्हणून तिची ख्याती राहिली. विकणाऱ्याला ही कथा फार गोड लागते, कारण आपलाही सगळा माल उचलणारा कोणी एक धनवान भेटेल ही आशा प्रत्येकाच्या पोटात असते. पहिल्या वर्षी तसा कोणी भेटला तरी मी त्याला भिण्याचा सल्ला देईन. एकाच गिऱ्हाइकाने सारे नेले म्हणजे कोणती बुट्टी लोकांना रुचली, कोणता रंग हातात धरून परत ठेवला गेला, किती उंचीच्या स्त्रीला अडीच मीटर कमी पडले, यांपैकी काहीच कळत नाही. वीस निरनिराळ्या माणसांना वीस नग विकणे हे पहिल्या वेळी अधिक लाभाचे.

जिल्ह्यात त्यासाठी जागा आहेत, पण प्रत्येक जागेची नजर वेगळी. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला रामनवमीच्या सुमारास देशभरातील बंजारा समाज लोटतो. फेटिया-कांचळी या आपल्या घागरा-चोळीवर आरसे आणि कवड्या बसवून सुईने भूमिती रेखणाऱ्या घराण्यांतल्या स्त्रिया तेथे येतात, त्यांना फिकट रंगाची बारीक बुट्टी दाखविणे व्यर्थ आहे, पण गडद जमिनीवरचा ठसठशीत ठसा त्या अचूक पारखतात. कारंज्यात गुरुमंदिराला येणारा यात्रेकरू आणि शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास येणारा जैन प्रवासी लांबचा असतो. त्याला पिशवीत मावेल अशी उपरणी, रुमाल, पोथी बांधावयाचे वस्त्र हवे असते. आठवडी बाजारात ओढणीपेक्षा चादर, उशीचा अभ्रा आणि लहान मुलाची दुपटी अधिक जातात, कारण तेथे गिऱ्हाईक शोभेसाठी नव्हे तर गरजेसाठी आलेले असते. बचतगटातून काम करणाऱ्या स्त्रियांना उमेद अभियानामार्फत जिल्ह्यातील प्रदर्शनांत आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस मेळ्यात जाता येते. तेथे गर्दी मोठी, तुलनाही मोठी, आणि शेजारच्या गाळ्यावर यंत्राने छापलेले ठशासारखे दिसणारे कापड निम्म्या किमतीत लटकत असण्याचा संभव आहे. अशा वेळी वाद घालू नये. कापड उलटे करून मागची बाजू दाखवावी, ठसा हातात द्यावा, आणि सोबत आणलेल्या कोऱ्या फडक्यावर एक बुट्टी उमटवून दाखवावी. समृद्धी महामार्गावरून चार तास प्रवास करून आलेला शहरी मनुष्यही त्या एका क्षणी भाव विसरून पुढे वाकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुकानदाराशी व्यवहार करताना जाकड आणि रोख यांतील भेद आधीच कागदावर यावा. जाकड म्हणजे विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. नवशिक्याला दुकानात प्रवेश बहुधा याच शर्तीवर मिळतो, आणि ती शर्त गैर नाही. मात्र नगांची यादी, प्रत्येकाचा भाव, दुकानदाराचा हिस्सा, हिशेबाची तारीख आणि उन्हाने विटलेल्या किंवा डागाळलेल्या नगाची जबाबदारी कोणाची, एवढी पाच कलमे लिहून दोघांच्या सह्या झाल्यावाचून एकही घडी दुकानात ठेवू नये. काचेच्या पेटीत महिनाभर पश्चिमेच्या उन्हात राहिलेली ओढणी परत आली तर ती आपलीच बुडीत. मागणी देऊन छापून घेणाऱ्याकडून बयाणा घेण्यात संकोच बाळगू नये. निदान कापडाची किंमत हाती आल्याशिवाय कात्री लावू नये.

सरकारी कागदांविषयी थोडक्यात. केंद्राच्या विकास आयुक्त, हस्तशिल्प, यांच्या कार्यालयाकडून कारागिराला ओळखपत्र मिळते. सरकारी मेळ्यांत गाळा मागताना ते उपयोगी पडते, म्हणून पहिल्या विक्रीपूर्वीच त्यासाठी अर्ज करावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत मात्र जे अठरा व्यवसाय घेतले आहेत त्यांत सुतार आहे, शिंपी आहे, धोबीही आहे, पण कापड छापणारा नाही. ज्या देशाच्या छिटाने युरोपातले कायदे बदलले त्या देशाच्या यादीत छिपा आणि रंगारी नसावेत ही उणीव मला मनापासून सलते, आणि ती दूर व्हावी म्हणून कारागिरांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करीत राहावे असे मी म्हणेन.

विक्रीच्या दिवशी दोन वह्या जवळ असाव्यात. एकीत रोख जमा, उधारी आणि बाकी. उधारी शक्यतो नसावीच, पण शेजारधर्माने दिली तर नाव आणि तारीख त्याच क्षणी लिहावी. दुसरी नमुन्यांची. तिच्यात प्रत्येक खेपेचा बोटभर तुकडा चिकटवून त्याखाली ठशाचा क्रमांक, रंगाचे प्रमाण ग्रॅममध्ये, कापडाची जात, पाणी विहिरीचे की नळाचे, महिना कोणता, आणि किती नग कोणत्या गावी गेले हे नोंदवावे. हातछपाईत तीच बुट्टी पुन्हा काढता येते, पण तीच छटा नेमकी पुन्हा उतरेलच असे नाही. पाऊसकाळात वाळण्यास वेळ लागतो आणि रंग वेगळा बसतो, वनस्पतीचा रंग असेल तर मुळ्यांच्या प्रत्येक खेपेगणिक तांबडा बदलतो. पुढच्या हंगामात तीच बाई आपल्या धाकट्या जावेसाठी दुसरी ओढणी मागावयास आली, की वहीचे पान तिच्यापुढे उघडावे, तिने नेलेल्या ओढणीचा तुकडा आणि या खेपेचा तुकडा शेजारीशेजारी दाखवावेत, आणि यंदाचा लाल किंचित गडद उतरेल हे बयाणा हाती घेण्यापूर्वीच तिला सांगावे.